बेळगावच्या गल्ल्यांतील पंच मंडळींना आणि महापालिकेला मराठी म्हणून उभे राहू पाहणाऱ्या सर्वांना खुले पत्र : आधी मागच्या वर्गणीचा हिशेब द्या

सप्रेम जय महाराष्ट्र.

मी वडगावचा. एकतीस वर्षे एका सोसायटीची पिग्मी, म्हणजे दारोदार जाऊन रोजची छोटी बचत गोळा केली. सकाळी खडेबाजार, दुपारी शहापूर, संध्याकाळी वडगाव, खासबाग. माझ्या वहीत भाजीवाल्या होत्या, मागवाले होते, सोनार होते, चहाची गाडी लावणारे होते. दहा रुपयांपासून पैसे घ्यायचो आणि रात्री सोसायटीत भरल्याशिवाय घरी जेवत नव्हतो. एखाद्या दिवशी रुपया कमी पडला तर तो माझ्या खिशातून जायचा, आणि त्यात मला कधी अन्याय वाटला नाही. दुसऱ्याचा पैसा हातात आला की तो असाच सांभाळायचा असतो.

हे आधीच सांगतो, कारण 2021 च्या महापालिका निवडणुकीत तुम्हीच माझ्या हातात पावती पुस्तके दिली होती. “मामा, तुम्हाला सगळी गल्ली ओळखते, तुमच्या हातात लोक बिनघोर पैसे देतात,” असे म्हणून दिली होती. लोकांनी दिलेही. तीन पुस्तके, प्रत्येकात पन्नास पावत्या. सगळ्यात लहान पावती एकावन्न रुपयांची, मोठी दोन हजारांची. एकूण जमा 38,470 रुपये. हा आकडा मला पाठ आहे, कारण त्यानंतर मी तो किती वेळा कोणाकोणापुढे म्हणून दाखवला याची गणती नाही.

ते वर्ष आठवून बघा. दोन लॉकडाऊन होऊन गेले होते. माग बंद पडले होते, सूत महाग झाले होते, साड्या उचलायला कोणी नव्हते. मतदान झाले 3 सप्टेंबरला, निकाल लागला 6 तारखेला आणि 10 तारखेला गणपती बसले. म्हणजे एकाच पंधरवड्यात लोकांच्या दारात मंडळाची पावती आली आणि उमेदवाराचीही. ज्यांच्या घरात दोन वेळची भाजी मोजून होत होती त्यांनी दोन्हीकडे दिले. कोणाच्या धाकाने दिले नाही. महापालिकेत आपला माणूस पाहिजे, सभागृहात मराठीत बोलणारा आणि मराठीसाठी भांडणारा पाहिजे, म्हणून दिले.

आणि आमच्या वॉर्डात झाले काय? मराठी म्हणवणारे तीन इच्छुक. दोन गटांनी एकाच गल्लीत, एकाच घरात दोनदा वर्गणी मागितली. तिसऱ्याने माघारीच्या शेवटच्या दिवशी अर्ज मागे घेतला, पण त्याच्या नावाने गोळा झालेले पैसे काही मागे आले नाहीत. उरलेले दोघे एकमेकांविरुद्ध लढले आणि दोघेही पडले. ज्याच्यासाठी मी पावत्या फाडल्या त्याच्या माणसांनी मला जी बिले दाखवली ती 14,900 रुपयांची होती. हॅण्डबिले, रिक्षा आणि भोंगा, दोन दिवसांचा चहा-नाष्टा. बाकीचे 23,570 रुपये कुठे गेले ते मला आजवर कोणी सांगितलेले नाही. चोरी झाली असे मी म्हणत नाही. खर्च झाला असेलही, निवडणुकीत होतो. पण कशावर झाला, कोणी केला, कोणाला विचारून केला, हे ज्याने पैसे दिले त्याला कळायला नको का?

निकालानंतर आठ दिवसांत देवळात बैठक झाली. तुमच्यापैकी बरेच जण होते. मी तिन्ही पुस्तकांच्या स्थळप्रती पुढ्यात ठेवल्या आणि हिशेब मागितला. त्यावर एक जण उठून म्हणाला, “हिशेब मागणारे पलीकडच्या गटाचे.” दुसरा म्हणाला, “आत्ताच आपण हरलोय, आत्ता हे काढायचं नाही.” तिसरा म्हणाला, समाजाची अब्रू चव्हाट्यावर आणू नका. पंचांनी मान खाली घातली आणि बैठक उठली. त्या दिवशी मला फितूर ठरवणारा माणूस आज भेटला की नमस्कार करतो, मीही करतो. पण तो शब्द अजून माझ्या छातीत आहे.

त्याहून खोल गेलेला शब्द मात्र दुसरा आहे. आमच्या मागच्या गल्लीत एक मागवालीण राहते. नवरा करोनात गेला. तिने एकशे एक रुपये दिले होते आणि पावती देवघरात, हळदीकुंकवाच्या डबीखाली ठेवली होती. निकालाच्या संध्याकाळी ती पावती घेऊन माझ्या दारात आली. चार घड्या घातलेली, कडेला कुंकू लागलेले, माझ्याच अक्षरातली. म्हणाली, “मामा, मतं फोडायला दिलो काय वो आमी पैसे? पावती हाय माझ्याजवळ, खरं हिशेब कुठं हाय?” मी तिला आत बोलावले, तर आली नाही. उंबऱ्यापाशीच उभी राहिली आणि पावती परत घडी घालून घेऊन गेली. ती पैसे मागायला आली नव्हती, हे तुम्हाला समजते ना?

पंच मंडळी, बेळगावात मराठी माणूस कमी पडला म्हणून आपण हरलो, असे मला कोणी सांगू नये. 2021 च्या एप्रिलमध्ये लोकसभेची पोटनिवडणूक झाली. बेळगाव कर्नाटकातून महाराष्ट्रात यावे म्हणून झगडणाऱ्या महाराष्ट्र एकीकरण समितीच्या शुभम शेळके यांना एक लाख सतरा हजारांहून जास्त मते पडली. आमच्या गल्लीनेही तेव्हा वर्गणी दिली होती आणि हौसेने दिली होती. उमेदवार एकच होता, प्रश्न एकच होता. त्यानंतर पाच महिन्यांनी महापालिकेचा निकाल लागला : 58 पैकी भाजप 35, काँग्रेस 10, समिती 4, बाकीचे अपक्ष आणि इतर. पक्षांनी पहिल्यांदाच चिन्हावर निवडणूक लढवली, त्यांच्यामागे पैसा होता, वरून नेते आले, हे सगळे खरे आहे. वॉर्डांची रचना कशी झाली यावरही बोलण्यासारखे खूप आहे. पण पाच महिन्यांत एवढी माणसे गेली कुठे? ती घरातच होती. एका घरात दोन मराठी हॅण्डबिले येऊन पडली होती, आणि दोन्हीवर “एकमेव अधिकृत उमेदवार” असे छापले होते.

हे पहिल्यांदा घडले असते तर मी एवढे लिहिले नसते. 2013 ला बेळगाव दक्षिणमधून संभाजी पाटील आणि खानापुरातून अरविंद पाटील असे आपले दोन आमदार होते. 2018 ला एकही नाही. खानापुरात त्या वेळी समितीच्या दोन गटांनी दोन उमेदवार दिले. त्या दोघांची मते एकत्र करून बघा, निवडून आलेल्या उमेदवारापेक्षा जास्त भरतात. खानापूरच्या लोकांनी आपले काम केले होते, मते दिली होती. पुढाऱ्यांनी ती दोन पोत्यांत भरली.

भांडण तत्त्वाचे आहे, असे दोन्ही गट सांगतात. मी तीस-पस्तीस वर्षे दोन्हीकडच्या बैठकांना बसलोय. सीमाप्रश्नावर, म्हणजे बेळगाव कर्नाटकात की महाराष्ट्रात या वादावर, दोन्ही गटांच्या भाषणांत काडीचा फरक नाही. 1 नोव्हेंबरला काळ्या दिनाच्या फेरीत दोघेही काळी फीत लावून चालतात, 17 जानेवारीला आणि 1 जूनला दोघेही सीमालढ्याच्या हुतात्म्यांना फूल वाहतात, बेळगाव कर्नाटकातच ठेवा म्हणणाऱ्या महाजन अहवालावर दोघांचाही राग सारखाच आहे, आणि 2004 पासून सर्वोच्च न्यायालयात पडून असलेल्या महाराष्ट्राच्या सीमा दाव्याची तारीख कधी लागते म्हणून दोघेही दिल्लीकडे बघतात. मग फुटते कुठे? माझ्या अनुभवात दोनच ठिकाणी फुटते. उमेदवारी कोणाला, आणि वर्गणीची चावी कोणाकडे. आणि पहिले भांडण बहुतेक वेळा दुसऱ्यातूनच निघते. मागच्या खेपेचा हिशेब ज्याने दिला नाही, त्याच्या हातात पुढच्या खेपेला पैसे द्यायला कोणी तयार होत नाही. तो मग आपले वेगळे पावती पुस्तक छापतो. वेगळे पुस्तक आले की वेगळा उमेदवार आलाच.

महापौरपदाचे बघा. आपल्याकडे महापौर थेट लोकांमधून निवडला जात नाही. वर्षाची मुदत, आरक्षण सरकार ठरवणार, मतदान सभागृहात हात वर करून, आणि त्यात सभासदांबरोबर आमदार-खासदारांनाही मत. म्हणजे पाच वर्षांत पाच महापौर आणि पाच वेळा ओढाताण. मराठी गट निम्म्याहून जास्त होता तेव्हाही ही ओढाताण होतीच. या वर्षी अमक्या भागाचा, पुढच्या वर्षी तमक्या गटाचा, शब्द दिला, शब्द फिरवला. सभासद पळवले जाऊ नयेत म्हणून त्यांना चार दिवस सहलीला नेऊन ठेवायचे, ही रीत सगळ्या गावाला माहीत आहे. त्या सहलीचे बिल कोण भरतो, हे आपण कधी विचारले का? ज्याने बिल भरले त्याचा हात पुढचे वर्षभर महापौराच्या खांद्यावर असतो. मराठी महापौर झाला म्हणून आम्ही गुलाल उधळला तेव्हाही हे विचारायला हवे होते. मीही विचारले नाही.

2018 ला महापौरपद अनुसूचित जमातीसाठी राखीव झाले, तेव्हा मराठी गटाकडे त्या प्रवर्गातला एकही सभासद नव्हता. बहुमत हातात असून पद गेले. उमेदवार ठरवताना आपण कोणाकोणाच्या दारात गेलो नव्हतो, हे त्या दिवशी दिसले. मराठी म्हणजे चार मोठ्या गल्ल्या, अशी आपली समजूत आहे. जो खर्च करू शकतो तो उमेदवार, हा हिशेब एकदा बसला की गरीब वस्तीतला मराठी बोलणारा हुशार पोरगा आपोआप बाजूला पडतो. ही गोष्टही पैशाचीच आहे.

या पदासाठी माणसांनी काय सोसले ते नव्या इच्छुकांपैकी किती जणांना माहीत आहे? 2005 ला महापालिकेने महाराष्ट्रात जाण्याचा ठराव केला. महापौर विजय मोरे यांच्या तोंडाला बेंगळूरला काळे फासले गेले आणि पाठोपाठ महापालिकाच बरखास्त झाली. 2011 ला काळ्या दिनाच्या फेरीत महापौर-उपमहापौर गेले म्हणून पुन्हा बरखास्तीचा बडगा आला. सत्ता गेली, पण गावात त्या माणसांची मान वर राहिली. आणि आज? सभेची नोटीस मराठीत द्या, ही मागणी लावून धरायला सभागृहात समितीचे चार जण. 2021 च्या निकालानंतर महापौर निवडायलाच 2023 चा फेब्रुवारी उजाडला. तेव्हा शोभा सोमनाचे महापौर झाल्या, त्या मराठीच, पण भाजपच्या. मराठी माणूस तिकडे गेला म्हणून आपण त्याला नावे ठेवतो. मी ठेवत नाही. त्यातल्या काही जणांनी मला तोंडावर सांगितले आहे की, तिकडे निदान खर्च कोण करणार हे आधी कळते.

आता कायद्याचे. विधानसभेला आपल्याकडे उमेदवाराच्या खर्चाची मर्यादा 40 लाख आहे, आणि निकालानंतर 30 दिवसांत हिशेब द्यावा लागतो. महापालिकेच्या उमेदवारालाही खर्चाची मर्यादा असते, हिशेब असतो. आमचा उमेदवार तो देतो. पण तो कागद अधिकाऱ्याच्या टेबलावर जातो आणि त्यात बसेल तेवढाच खर्च लिहिला जातो. गल्लीत फाडलेल्या पावत्या त्यात कुठे दिसत नाहीत. 15 फेब्रुवारी 2024 ला सर्वोच्च न्यायालयाने निवडणूक रोखे, म्हणजे नाव न कळता पक्षाला देणगी द्यायची सोय, रद्द केले. पक्षाला पैसा कुठून येतो हे जाणून घेण्याचा मतदाराला हक्क आहे, असे न्यायालयाने सांगितले. कोट्यवधींच्या रोख्यांना जे लागू, ते आमच्या एकशे एक रुपयांना का लागू नसावे? आपण तर एकमेकांना नावाने ओळखतो. आपल्याला न्यायालयात जायची गरजच पडू नये.

आणि हे आपल्याला जमत नाही असे नाही. आमच्या गल्लीचे गणेशोत्सव मंडळ दरवर्षी विसर्जनानंतर देवळाच्या भिंतीवर फळा लावते. वर्गणी किती, मूर्ती किती, मांडव किती, ढोल-ताशा किती, महाप्रसादाचा तांदूळ किती किलो, शिल्लक किती. एका वर्षी वायरमनचे दोनशे रुपये लिहायचे राहिले, तर अकरावीतल्या एका पोरीने ते बोट ठेवून दाखवले, आणि खजिनदाराने तिथेच खडू घेऊन दुरुस्त केले. तोच खजिनदार, तेच पंच, तीच भिंत. निवडणुकीचा पैसा आला की फळा कुठे जातो?

मंडळी, माझे मागणे मोठे नाही. पुढची महापालिका निवडणूक येण्याआधी, अजून कोणी इच्छुकाने नारळ फोडलेला नाही तोवर, प्रत्येक गल्लीत पंचांनी 2021 चा हिशेब मांडावा. जेवढा सापडेल तेवढा. बिल हरवले असेल तर “बिल हरवले” असे लिहावे. पैसे कोणी वापरले असतील तर त्याने तसे सांगावे. लोक ऐकून घेतील, बेळगावचा माणूस एवढा कोत्या मनाचा नाही. पण दडवून ठेवलेले विसरणार नाही.

पुढच्या खेपेला वर्गणी उमेदवाराच्या नावाने गोळाच करू नका. गल्लीच्या नावाने करा, पंचांपैकी तिघांच्या सहीने सोसायटीत किंवा बँकेत खाते काढा, तिघांत निदान एक बाई असू द्या. उमेदवार एकच ठरला तरच त्या खात्यातून पैसा बाहेर येईल. दोन उमेदवार उभे राहिले तर दोघांनाही नाही. पैसे देणाऱ्याला पावती दाखवून परत न्यायची मुभा हवी, माघार घेतली तरी हाच नियम. रोजचा खर्च रोज संध्याकाळी फळ्यावर. अपक्षाला चिन्ह माघारीची मुदत संपल्यावर मिळते, हातात थोडे दिवस राहतात, घाईघाईत छपाई होते, रिक्षावाला सांगेल तो दर द्यावा लागतो. अशा वेळी हिशेब ठेवणे अवघड असते, हे मला माहीत आहे. पण पिग्मीवाला पावसात भिजत वही लिहितो. लिहायचे ठरवले की लिहिता येते.

इच्छुकांनो, तुमच्यातल्या बऱ्याच जणांना मी लहानपणापासून बघतोय. तुमच्या आयांनी माझ्या पिग्मीत दहा-दहा रुपये भरून तुमची कॉलेजची फी काढली आहे. तुम्ही हिशेबाला भिता कशाला? ज्याच्या फळ्यावरचा आकडा चोख असेल त्याला विरोधी गटसुद्धा नावे ठेवू शकणार नाही. आणि ज्याला गल्लीच्या देवळासमोर दहा हजारांचा हिशेब उभे राहून वाचता येत नाही, त्याने महापालिकेच्या अंदाजपत्रकावर सही करायची इच्छा धरू नये. एवढे कडक मी पहिल्यांदाच लिहितोय, राग मानू नका.

मी माझ्यापासून सुरुवात करतो. तिन्ही पुस्तकांच्या स्थळप्रती माझ्या लोखंडी ट्रंकेत प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवल्या आहेत. येत्या रविवारी सकाळी दहा ते एक मी आमच्या देवळाच्या कट्ट्यावर बसणार आहे. ज्यांनी माझ्या हातात पैसे दिले त्यांनी आपली पावती घेऊन यावे, नसली तरी यावे, स्थळप्रतीवर नाव आहे. जमा किती आणि मला दाखवलेला खर्च किती हे मी फळ्यावर लिहीन. तिसऱ्या रकान्यात 23,570 हा आकडा असेल आणि त्याच्यापुढची जागा मोकळी ठेवीन. खडू तिथेच ठेवतो. ज्यांना त्या जागेत काय लिहायचे ते माहीत आहे, त्यांनी यावे.

मागवालिणीला मी काल जाऊन सांगून आलो. ती येते म्हणाली.

आपला,
एक निवृत्त पिग्मी कलेक्टर
वडगाव, बेळगाव